हरलो ते ठीक, पण एवढ्याने? : सिडनी स्वान्सच्या दोन ग्रँड फायनल्सचा प्रकरण अभ्यास

२८ सप्टेंबर २०२४ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, १,००,०१३ प्रेक्षकांसमोर ब्रिस्बेन लायन्सने सिडनी स्वान्सला ६० गुणांनी हरवलं. गुणफलक होता १८.१२ (१२०) विरुद्ध ९.६ (६०), म्हणजे बरोबर दुप्पट. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, तिथल्या बोलीत 'फुटी'मध्ये, चार उभ्या खांबांपैकी मधल्या दोघांतून लाथेने चेंडू पाठवला की गोल आणि ६ गुण. कडेच्या खांबांतून गेला की 'बिहाइंड' आणि १ गुण. ब्रिस्बेनचे १८ गोल, १२ बिहाइंड. सिडनीचे ९ गोल, ६ बिहाइंड.

त्या वर्षी साखळीत अव्वल आलेला संघ सिडनी होता. ब्रिस्बेन पाचवा. आणि स्वान्सच्या चाहत्यांना हे दुःख नवं नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी, २४ सप्टेंबर २०२२ रोजी, याच मैदानावर जिलाँगने त्यांना ८१ गुणांनी लोळवलं होतं: २०.१३ (१३३) विरुद्ध ८.४ (५२). तीन हंगामांत दोन ग्रँड फायनल्स आणि दोन्हींत मिळून १४१ गुणांची तूट. त्यानंतर चाहत्यांमध्ये जो वाद पेटला तो इथे तपासायचा आहे. कोण काय म्हणालं, त्यातलं काय टिकतं आणि काय टिकत नाही, हे पाहू.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या वादात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. 'आपण का हरलो?' हा एक, आणि 'आपण एवढ्या फरकाने का हरलो?' हा दुसरा. बहुतेक चाहते पहिल्याचं उत्तर देतात आणि दुसऱ्याचं उत्तर दिलं असं समजतात. मोठ्या पराभवांची बरीचशी चर्चा इथेच भरकटते.

हा संघ कोणाचा?

स्वान्स मूळचे सिडनीचे नाहीत. १८७४ साली मेलबर्नच्या दक्षिण भागात साउथ मेलबर्न नावाने हा क्लब सुरू झाला आणि १९८२ मध्ये सिडनीला हलवला गेला. सिडनी हे रग्बी लीगचं शहर. तिथे फुटी रुजवायला क्लबला अनेक वर्षं लागली. त्यामुळे चाहत्यांचे आजही दोन वंश आहेत. एक मेलबर्नमधली जुनी साउथ मेलबर्नची कुटुंबं, ज्यांनी १९३३ नंतर पुढच्या विजेतेपदासाठी २००५ पर्यंत, तब्बल ७२ वर्षं वाट पाहिली. दुसरे सिडनीकर, ज्यांना हा खेळ गेल्या तीस-चाळीस वर्षांत भेटला, ज्यांनी संघाला जवळजवळ दरवर्षी बाद फेरीत पाहिलं आणि जे विजयाला सरावलेले आहेत.

हा भेद वादात दिसतो. जुन्यांना अंतिम सामन्यात पोहोचणं हीच मोठी गोष्ट वाटते, आणि पाच-पाच ग्रँड फायनल्सपर्यंत नेणाऱ्या प्रशिक्षकाला शिव्या देणं त्यांना कृतघ्नपणाचं वाटतं. नव्यांचं म्हणणं असं की पोहोचणं पुरे झालं, तिथे जाऊन उभं राहता आलं पाहिजे. दोघांचंही प्रेम खरं आहे. सिडनी ते मेलबर्न हे रस्त्याने सुमारे ८८० किलोमीटरचं अंतर. ते कापून आलेल्या माणसाने तिसऱ्या क्वार्टरमध्ये उठून बाहेर पडावं, तर त्याच्या मनात काय चाललं असेल हे समजायला फुटी यावी लागत नाही.

आपल्या वाचकांना ही दोन्ही मैदानं क्रिकेटमुळे ओळखीची आहेत. जानेवारी २००४ मध्ये सचिनने नाबाद २४१ काढल्या ते सिडनी क्रिकेट ग्राउंड म्हणजे स्वान्सचं घर. डिसेंबर २०२० मध्ये अजिंक्य रहाणेने कर्णधार म्हणून शतक ठोकलं ते मेलबर्नचं मैदान म्हणजे ग्रँड फायनलचं कायमचं ठिकाण. कराराने हा सामना २०५९ पर्यंत तिथेच बांधलेला आहे.

२०२२: पहिल्या अर्ध्या तासात संपलेला सामना

२०२२ चे स्वान्स तरुण होते. आदल्या आठवड्यात, घरच्या मैदानावरच्या प्रीलिमिनरी फायनलमध्ये, म्हणजे उपांत्य सामन्यात, त्यांनी कॉलिंगवुडला ९५-९४ असं एका गुणाने हरवलं होतं. समोर जिलाँग होता, लीगच्या इतिहासातल्या सर्वांत वयस्कर संघांपैकी एक. पहिल्याच क्वार्टरमध्ये जिलाँगचे ६.५ (४१) आणि सिडनीचे १.० (६) झाले. टॉम हॉकिन्सने पहिले दोन गोल जवळपास एकाच पद्धतीने केले. गोलजवळ चेंडू सीमारेषेबाहेर गेला, पंचांनी तो आत फेकला, हॉकिन्सने अंगबळावर जागा धरून चेंडू पकडला आणि तिथूनच मारला. असा गोल दोनदा खाल्ला की बचावफळी बिथरते. तेहतीस वर्षांच्या आयझॅक स्मिथला सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदक मिळालं, आणि जोएल सेलवूडने आपल्या अखेरच्या सामन्यात शेवटच्या क्वार्टरमध्ये गोल केला. सिडनीकडून चाड वॉर्नर लढला. लान्स फ्रँकलिनसारखा या पिढीतला सर्वांत मोठा गोलकर्ता एकही गोल करू शकला नाही.

चाहत्यांच्या मनात मात्र एक नाव रुतलं: सॅम रीड. २०१२ च्या विजेत्या संघातला हा उंच खेळाडू आदल्या आठवड्यात मांडीच्या आतल्या स्नायूला दुखापत करून बसला होता. त्याला खेळवलं गेलं आणि सामन्याच्या मध्यातच बाहेर काढावं लागलं.

२०२४: दुसऱ्या क्वार्टरमध्ये सुटलेला सामना

दोन वर्षांनी संघ पक्का झाला होता. ब्रॉडी ग्रंडी रकमन म्हणून, म्हणजे मध्यावरच्या चेंडूसाठी उडी मारणारा उंच खेळाडू म्हणून, आला होता. मध्यभागी आयझॅक हीनी, वॉर्नर आणि एरोल गुल्डन ही त्रयी होती. हंगामातल्या पहिल्या १४ सामन्यांपैकी १३ जिंकले. मग गाडी अडखळली आणि उरलेल्या ९ पैकी ५ गमावले. त्यातले तीन पराभव एका-दोन गुणांचे होते, त्यात ब्रिस्बेनविरुद्धचाही एक. पण ऑगस्टच्या सुरुवातीला पोर्ट अॅडलेडने त्यांना ११२ गुणांनी हरवलं. साखळीत अव्वल येणारा संघ ११२ गुणांनी हरतो ही साधी गोष्ट नव्हती. तेव्हा तिच्याकडे 'एखादा वाईट दिवस' म्हणून पाहिलं गेलं, आणि प्रीलिमिनरी फायनलमध्ये त्याच पोर्टला ३६ गुणांनी हरवल्यावर तर ती शंका पुसूनच गेली. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी खूण तिथेच होती.

ग्रँड फायनलचा पहिला क्वार्टर जवळपास बरोबरीचा गेला. दुसऱ्यात ब्रिस्बेनने एकामागून एक गोल केले आणि मध्यंतराला निकाल लागल्यात जमा होता. कॅलम अह ची आणि काई लोहमन यांनी प्रत्येकी ४ गोल केले. विल अॅशक्रॉफ्टला सामनावीराचं पदक मिळालं. ब्रिस्बेन आदल्या वर्षी कॉलिंगवुडकडून ४ गुणांनी हरला होता आणि यंदा उपांत्यपूर्व सामन्यात ४४ गुणांनी मागे पडूनही परतला होता. त्यांचे प्रशिक्षक क्रिस फेगन ६३ वर्षांचे, विजेतेपद मिळवणाऱ्या प्रशिक्षकांमध्ये सर्वांत वयस्कर.

आणि पुन्हा एक नाव रुतलं. तरुण फॉरवर्ड लोगन मॅकडॉनल्ड प्रीलिमिनरी फायनलमध्ये घोटा दुखावून बसला होता. तंदुरुस्तीची चाचणी पार करून तो उतरला आणि त्यालाही अर्ध्यावर बाहेर काढावं लागलं.

चाहत्यांचे दावे

पहिला आणि सर्वांत जोरात मांडला गेलेला दावा: संघात दम नाही, मोठ्या दिवशी हे लोक कच खातात. राग आलेल्या माणसाला हे वाक्य बरं वाटतं, पण पुरावा त्याच्या बाजूने नाही. कच खाणारा संघ कॉलिंगवुड अंगावर धावून येत असताना एका गुणाची आघाडी टिकवत नाही. २०२४ च्या पहिल्या बाद सामन्यात जायंट्सविरुद्ध, म्हणजे सिडनीच्याच दुसऱ्या संघाविरुद्ध, मागे पडलेल्या स्वान्सने हीनीच्या जोरावर ६ गुणांनी विजय खेचून आणला. ज्यांच्यात दम नसतो त्यांना हे जमत नाही. 'दम' या शब्दाने स्पष्टीकरण मिळाल्यासारखं वाटतं, पण त्यातून पुढच्या वर्षी काय बदलायचं ते कळत नाही. म्हणून मी तो दावा बाजूला ठेवतो.

दुसरा दावा: सामना मेलबर्नमध्येच होतो हा अन्याय आहे. तत्त्व म्हणून तो मला मान्य आहे. व्हिक्टोरियाबाहेरच्या, म्हणजे मेलबर्नच्या राज्याबाहेरच्या, संघाने वर्षभर अव्वल राहून अंतिम सामना दुसऱ्याच्या गावात खेळावा हे विचित्रच आहे. २०२२ मध्ये समोर जिलाँग होता, मेलबर्नपासून गाडीने तासाभरावरचं शहर. तेव्हा ही तक्रार चालली असती. पण २०२४ मध्ये समोर ब्रिस्बेन होता, जो सिडनीपेक्षाही लांबून आला होता. दोघांनाही मैदान परकंच. मैदान मोठं आणि रुंद असल्याने ब्रिस्बेनच्या शैलीला फावलं, हे खरं. छोट्या किका मारत, मोकळ्या खेळाडूकडे चेंडू पोहोचवत, तो हवेत पकडत पकडत पुढे सरकणं हा त्यांचा खेळ, आणि रुंद मैदानावर तो रोखणं कठीण. पण मग प्रश्न तयारीचा झाला, पत्त्याचा राहिला नाही.

तिसरा दावा प्रशिक्षकाबद्दल. जॉन लाँगमायर २०११ ते २०२४ संघाचे प्रशिक्षक होते. २०१२ मध्ये हॉथॉर्नला १० गुणांनी हरवून विजेतेपद. त्यानंतर चार ग्रँड फायनल्स आणि चारही हार: २०१४ मध्ये हॉथॉर्नकडून ६३ गुणांनी, २०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्सकडून २२, मग ८१, मग ६०. या आकड्यांकडे पाहून 'चार वेळा पोहोचवलं' असंही म्हणता येतं आणि 'तीन वेळा धुव्वा उडाला' असंही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि म्हणूनच हा वाद आकड्यांवर मिटत नाही. २००३ च्या विश्वचषकातल्या जोहान्सबर्गच्या फायनलनंतर नाणेफेक जिंकून गोलंदाजी का घेतली, कुंबळेला बाहेर का बसवलं, यावर आपल्याकडे किती वर्षं डोकी तापली ते आठवावं. त्यात गांगुलीनेच संघाला तिथवर नेलं हे नाकारणारा कोणी नव्हता, तरी प्रश्न उरलेच.

चौथा दावा निवडीबद्दल. त्याकडे मी शेवटी येतो, कारण माझ्या मते तपासण्यासारखा दावा तोच आहे. पण त्याआधी त्या दुसऱ्या प्रश्नाकडे, 'एवढ्याने का' याकडे वळलं पाहिजे.

फरक फुगतो कसा

असोसिएशन फुटबॉलमध्ये गोल खाल्लेल्या संघाला मध्यरेषेवरून चेंडू मिळतो. बास्केटबॉलमध्येही बास्केट खाल्ली की चेंडू तुमचा. म्हणजे ज्याने मार खाल्ला त्याला निदान एकदा श्वास घेता येतो. फुटीमध्ये तसं नाही. गोल झाला की चेंडू मैदानाच्या मध्यावर जातो, पंच तो वर उडवून (२०२५ पर्यंत जमिनीवर आपटूनही) खेळात आणतो, दोन्ही संघांचे उंच रकमन उडी मारतात आणि प्रत्येकी आणखी तीन मिडफिल्डर खाली वाट पाहतात. चेंडू ज्याने जिंकला त्याचा. ज्या संघाचा मध्यभाग त्या वीस मिनिटांत वरचढ आहे तो गोल करतो, पुन्हा मध्यावरचा चेंडू जिंकतो, पुन्हा गोल करतो. समोरच्याच्या हातात चेंडू यायलाच हवा असा एकही नियम त्याला अडवत नाही.

पूर्वी यावर एक उपाय होता. मध्यावर चेंडू उसळण्याआधीच दोन-तीन खेळाडू मागे बचावात उभे करायचे आणि पूर अडवायचा. २०१९ पासून हेही बंद झालं. आता मध्यावरच्या प्रत्येक चेंडूच्या वेळी प्रत्येक संघाचे दोन्ही टोकांना सहा-सहा आणि मध्ये सहा खेळाडू असलेच पाहिजेत. गोल वाढावेत, खेळ मोकळा व्हावा यासाठी आणलेला नियम. परिणाम असा की लाट आली की तिच्या पुढे बांध घालायला वेळ मिळत नाही.

त्यानंतरच्या ग्रँड फायनल्स पाहा. २०१९ मध्ये रिचमंडने जायंट्सना ८९ गुणांनी हरवलं, आणि जायंट्सना पूर्ण सामन्यात ३ गोल करता आले. २०२० मध्ये फरक ३१. २०२१ मध्ये, कोविडमुळे पर्थला हलवलेल्या सामन्यात, बुलडॉग्स तिसऱ्या क्वार्टरमध्ये १९ गुणांनी पुढे होते आणि तरी मेलबर्नकडून ७४ गुणांनी हरले. २०२२ मध्ये ८१, २०२३ मध्ये ४, २०२४ मध्ये ६०, २०२५ मध्ये ४७. सातांपैकी अटीतटीचा सामना एकच. सगळा दोष नियमाला देता येणार नाही. २००७ मध्ये जिलाँगने पोर्टला ११९ गुणांनी हरवलं तेव्हा हा नियम नव्हता आणि तो विक्रम आजही उभा आहे. पण २०२१ चा सामना डोळ्यांसमोर ठेवला की कळतं: पुढे असलेला, नीट खेळणारा संघ तासाभरात मोडून पडू शकतो, आणि त्यासाठी त्या खेळाडूंच्या चारित्र्यात खोट असावी लागत नाही.

म्हणजे ६० हा आकडा स्वान्सच्या लायकीचं माप नाही. तो वीस-पंचवीस मिनिटांच्या हाराकिरीचं माप आहे, जिला खेळाच्या रचनेने गुणिले केलं.

इथे काही चाहते 'मग प्रशिक्षकाचा दोष नाही' असं म्हणून थांबतात. मी थांबत नाही. नियम फक्त चेंडू उसळण्याच्या क्षणापुरता आहे. चेंडू खेळात आला की कोणीही कुठेही धावू शकतो. विंगवरच्या, म्हणजे कडेने खेळणाऱ्या, खेळाडूला पहिल्या पावलापासून मागे पळवता येतं, चेंडू मिळाला की घाई न करता सीमारेषेकडे लांब मारून वेळ खाता येतो, मध्यावरचे चेहरे बदलता येतात. हे ब्रेक आहेत. २०१४, २०२२ आणि २०२४ या तिन्ही सामन्यांत मध्यंतरालाच स्वान्सचं पानिपत झालेलं होतं, आणि तिन्ही वेळा ब्रेक लागलेला दिसला नाही. ११२ गुणांच्या त्या ऑगस्टमधल्या रात्रीही लागला नव्हता. चाहत्यांचा हा आक्षेप मला पूर्णपणे रास्त वाटतो: लाट येणार हे माहीत असताना ती आल्यावर काय करायचं याची तालीम दिसली नाही. साखळीत अव्वल राहणाऱ्या संघाला ही तालीम क्वचितच करावी लागते, कारण तिथे बहुतेक वेळा लाट त्याचीच असते.

अर्धा तंदुरुस्त माणूस

आता निवड. २०२५ पर्यंत मैदानावर १८ खेळाडू, बाकावर चार जण आणि एक राखीव असायचा. बाकावरचे चौघे सतत आत-बाहेर होत राहायचे, कारण या खेळात माणूस न थांबता धावू शकत नाही. अर्ध्या ताकदीचा खेळाडू उतरवला तर नुकसान फक्त त्याच्या जागेचं होत नाही. तो बाकावर जास्त वेळ बसतो, इतरांना त्याच्या वाटचं धावावं लागतं, आणि त्याला बाहेर काढायला राखीव खेळाडू खर्च व्हायचा, जो शेवटच्या क्वार्टरमध्ये ताज्या पायांनी उतरवता आला असता. २०२२ मध्ये राखीव खेळाडूचा नियम केवळ दुखापतीसाठी होता. २०२४ मध्ये तो डावपेच म्हणूनही वापरता येत होता, म्हणजे तेव्हाची किंमत अधिक.

२०२४ च्या त्याच आठवड्यात क्लबने दोन दुखापतींबाबत दोन उलट निर्णय घेतले. कर्णधार कॅलम मिल्सच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला होता. त्याला बाहेर ठेवलं. मॅकडॉनल्डच्या घोट्याबद्दल शंका होती; त्याला उतरवलं. यावरून चाहते दोन गटांत भांडले. काही म्हणाले, कर्णधाराला खेळवायला हवं होतं, त्याचं असणंच पुरेसं होतं. काही म्हणाले, दोघांनाही बाहेर ठेवायला हवं होतं, रीडवरून शिकायला हवं होतं. मी दुसऱ्या गटाचा. मिल्सबद्दलचा निर्णय कठोर होता आणि बरोबर होता. कर्णधाराला घरी बसवण्याइतकं धैर्य ज्या खोलीत होतं, त्याच खोलीत मॅकडॉनल्डबाबत ते का आटलं, हा प्रश्न मला आजही सतावतो.

एक कारण समजण्यासारखं आहे. फ्रँकलिन २०२३ मध्ये निवृत्त झाल्यावर संघाकडे हमखास गोल करणारा उंच फॉरवर्ड राहिला नव्हता. जोएल अमार्टी, मॅकडॉनल्ड आणि हेडन मॅक्लीन या तिघांवर मिळून तो भार होता. अमार्टीने त्याच हंगामात एका सामन्यात ९ गोल केले होते, पण दर आठवड्याला भरवसा ठेवावा असा एकटा कोणी नव्हता. तिघांतला एक काढला तर रचनाच ढासळते अशी भीती असणार. रीडच्या वेळीही हेच. उंच माणसांचा तुटवडा असला की चाचणी घेणाऱ्याचं मन 'पास' म्हणण्याकडे झुकतं. इथे कोणाची नियत वाईट नव्हती. पण मंगळवारी-गुरुवारी सरळ रेषेत धावून चाचणी पार करणं आणि एक लाख लोकांसमोर दोन तास वळणं, उड्या, धडका झेलणं यांत फरक आहे, आणि हा फरक क्लबला २०२२ मध्ये महागात पडून कळला होता.

मॅकडॉनल्ड पूर्ण तंदुरुस्त असता तर स्वान्स जिंकले असते का? नाही. ब्रिस्बेन त्या दिवशी मध्यभागात आणि चेंडू राखण्यात फारच वरचढ होता, आणि एका फॉरवर्डने ते बदललं नसतं. पुढच्या वर्षी जिलाँगला ४७ गुणांनी हरवून ब्रिस्बेनने सलग दुसरं विजेतेपद मिळवलं तेव्हा 'पाचव्या क्रमांकाच्या संघाकडून हरलो' ही २०२४ ची लाज बरीच कमी झाली. तो काही नशिबाने वर आलेला संघ नव्हता.

दुसऱ्यांचं काय झालं

मोठ्या पराभवानंतर क्लब संपतो असं म्हणणाऱ्या चाहत्यांसमोर उदाहरणं कमी नाहीत. २००७ च्या ११९ नंतर पोर्ट पुढच्याच वर्षी १३ व्या स्थानी घसरला आणि अजून ग्रँड फायनलला परतलेला नाही. अॅडलेड क्रोज २०१७ मध्ये साखळीत अव्वल होते, रिचमंडकडून ४८ गुणांनी हरले आणि २०२० मध्ये तळाला गेले. पुन्हा बाद फेरी दिसायला २०२५ उजाडलं.

पण एसेंडनचं उदाहरण मला जास्त शिकण्यासारखं वाटतं. १९८३ मध्ये हॉथॉर्नने त्यांना ८३ गुणांनी हरवलं. १९८४ मध्ये पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर. तीन क्वार्टर संपले तेव्हा एसेंडन मागे होता. प्रशिक्षक केव्हिन शीडी यांनी खेळाडूंच्या जागा उलटसुलट केल्या, बचावातली माणसं पुढे पाठवली आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये ९ गोल करून सामना २४ गुणांनी जिंकला. १९८५ मध्ये परत हॉथॉर्नच, या वेळी विजय ७८ गुणांचा. खेळाडू बरेचसे तेच होते. बिघडत्या सामन्यात हातातली मांडणी मोडायची तयारी मात्र दिसली, आणि स्वान्सच्या तिन्ही मोठ्या पराभवांत मला तीच दिसत नाही.

पुढे

नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस लाँगमायर यांनी प्रशिक्षकपद सोडलं. क्लबने त्यांना हाकललं नाही; ते दुसऱ्या जबाबदारीवर तिथेच राहिले. त्यांचे सहायक डीन कॉक्स प्रमुख झाले. ल्यूक पार्करसारखा जुना मोहरा नॉर्थ मेलबर्नला गेला. २०२५ मध्ये दुखापतींनी ग्रासलेला संघ दहावा आला आणि बाद फेरीला मुकला. तेव्हा लाँगमायरवर टीका करणाऱ्यांपैकी अनेकांचा सूर उतरला, आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांना 'बघा, पोहोचणंही किती अवघड असतं' असं म्हणायची संधी मिळाली. दोन्ही गटांनी दहाव्या क्रमांकातून जरा जास्तच अर्थ काढला असं मला वाटतं. एका हंगामावरून चौदा वर्षांचा हिशेब लागत नाही.

२०२५ च्या अखेरीस क्लबने कार्लटनकडून चार्ली कर्नोला आणलं, २०२२ आणि २०२३ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा फॉरवर्ड. बदल्यात दोन्ही ग्रँड फायनल्स खेळलेले विल हेवर्ड आणि ऑली फ्लोरेंट द्यावे लागले. अनेक चाहत्यांना ते झोंबलं, कारण हे दोघे त्यांच्या डोळ्यांसमोर वाढले होते. मला हा सौदा पटतो. उंच फॉरवर्डच्या तुटवड्यामुळेच दोनदा दुखऱ्या माणसाला उतरवायचा मोह झाला होता, आणि कर्नो असला की तो मोह कमी होईल. लाट आल्यावर ब्रेक कोण आणि कसा लावणार, हे मात्र कुठल्याही सौद्यात विकत मिळत नाही. ते कॉक्स यांना साखळीच्या सामन्यांत, संघ पुढे असतानाच, घोटवून घ्यावं लागेल.